कुलाबा म्हणजे कुठला कुलाबा?

अलिबागला मी जमिनींचे शोध अहवाल काढतो, म्हणजे जमीन कुणाची ते जुन्या कागदांवरून शोधून लिहून देतो. कागद घेऊन येणारे बहुतेक दोन प्रकारचे: भावाभावांत बिनसलेले, नाहीतर बंगल्यासाठी जागा बघणारे मुंबईकर. इस्राएलहून आलेल्या आजी या दोन्हींत बसणाऱ्या नव्हत्या. सोबत नातू. त्याला मराठी येत नव्हतं, आणि आजींचं मराठी माझ्यापेक्षा चोख.

आजींच्या सासऱ्यांचं 1936 सालचं खरेदीखत पिशवीतून निघालं. घडीवर कागद पार विरलेला. नेमकं तालुका आणि गावाचं नाव घडीतच गेलेलं. 'तुकडी जिल्हा कुलाबा' एवढं मात्र ठळक. तेवढ्यावर घरच्यांनी धरून ठेवलं होतं की जमीन मुंबईतल्या कुलाब्यात. एका दलालाने कोटींचे आकडेही ऐकवले होते. मुंबईच्या कचेऱ्यांत हेलपाटे घातल्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं, हा कागद पलीकडचा आहे, अलिबागला जा.

आमचा कुलाबा म्हणजे अलिबागसमोरचा किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. ओहोटीला आजही चालत जाता येतं. 1840 मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं, 1869 मध्ये त्याच नावाचा जिल्हा झाला. मग तो वाढत गेला. ठाण्याकडून 1883 मध्ये पनवेल आलं, 1891 मध्ये कर्जत. 1948 मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा आत आले. म्हणून कागदाचं साल बघितल्याशिवाय मी जिल्ह्याच्या नावावर विश्वास ठेवत नाही. 1 जानेवारी 1981 ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाब्याचा रायगड झाला. राजधानीच्या गडाचं नाव मिळालं, तक्रार कसली! पण पाण्यातल्या किल्ल्याचं नाव जाऊन महाडच्या डोंगरातल्या गडाचं आलं, आणि जुने कागद वाचणाऱ्यांच्या मागे ही पंचाईत कायमची लागली.

नातवाला हे पटेना. मग मी चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस पाणंद, पश्चिमेस खारबंदिस्तीचा बांध. मुंबईच्या कुलाब्यात 1936 मध्ये खारबंदिस्ती? हा तर आमचा खारेपाट. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात लावायचं.

गावाचा माग आजींच्या आडनावाने दिला. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून उतरले अशी त्यांची परंपरा आहे. पुढे ते गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. आणि गावावरून आडनावं पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर. आजींचं आडनावही तसंच. आडनावाच्या गावात जमीन असेलच असं नाही, पण सुरुवात तिथूनच करायची. सर्व्हे नंबर जुळला, क्षेत्र आणि आकार, म्हणजे साराही जुळला.

पण फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, उघडला आणि पुढचं सगळं कळून चुकलं. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कुळकायद्याने त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. जमीन कुळाच्या नावे, किंमत ठरलेली, ती भरल्याचं कलम 32 म चं प्रमाणपत्र दिलेलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. या तालुक्यात जमीन कुळाच्या नावे होणं साधंसुधं नव्हतं. याच भागात चरी गावात 1933 ते 1939 अशी सलग वर्षं कुळांनी जमीनदार खोतांविरुद्ध संप करून शेतं ओसाड ठेवली होती.

नातू हिरमुसला. "नुकसानभरपाई?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

आजींनी मात्र वेगळंच विचारलं. "आता कोण कसतं?"

"त्याच कुळाचा नातू. भात लावतो."

"बरं झालं. आमच्याकडे कुणाला नांगर धरता येत होता?" मग पुढे वाकून म्हणाल्या, "हे बघा वकीलसाहेब, तिकडे अश्दोदला आमच्या दिरांच्या मुलांनी पैशांच्या वाटण्या करून ठेवल्यात. तुम्ही काय ते लेखी द्या. आणि इंग्रजीतही द्या."

अहवालाचं पहिलंच कलम मी असं घातलं: 'सदर मिळकत मुंबई शहरातील कुलाबा येथील नसून पूर्वीचा कुलाबा, हल्लीचा रायगड जिल्हा, तालुका अलिबाग येथील आहे.' आजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि 'नसून' खाली रेघ मारायला लावली.