कात्रीतून सुटलेली कुंती

कुंती आपण रोज बघतो, फक्त ती कुंती आहे हे आपल्याला माहीत नसतं. सोसायटीच्या कुंपणाला, बँकेच्या आवारात, रस्त्याच्या दुभाजकावर ती उभी असते ती कंबरेइतकी उंच, टेबलासारखी सपाट छाटलेली. दर पंधरवड्याला माळीबुवा कात्री घेऊन येतात आणि तिची मिलिटरी कटिंग करून जातात. तिला फुलंही येतात, असं सांगितलं तर लोक ऐकून घेतात. विश्वास ठेवत नाहीत.

दोष झाडाचा नाही. कुंतीला कळ्या धरतात त्या नव्या फुटीच्या शेंड्याला, आणि कात्री फिरते ती नेमकी तिथेच. एखादं झाड छाटायचं राहून गेलं की मग बघा. वळवाची एखादी चांगली सर पडली की थोड्याच दिवसांत सगळं झाड एकदम पांढरं होतं. पाच पाकळ्यांची, मागे किंचित वळलेली फुलं, झुबक्याझुबक्यांनी. वास मोगऱ्याचा म्हणाल तर नाही. संत्र्याच्या बागेला बहर आल्यावर जो सुटतो, त्याच्या जातीचा. दोन दिवसांत खाली पाकळ्यांचा सडा पडतो आणि खेळ संपतो, तो पुढच्या बहरापर्यंत.

फुलं नसताना ओळखायची असेल तर एक पान तोडून उन्हापुढे धरावं. हिरव्या पानात सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की लिंबाच्या पाल्याची आठवण होते, कारण कुंती लिंबाच्याच कुळातली. कढीपत्ता तर तिचा फारच जवळचा. वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच होती, मुराया. आता कढीपत्त्याला वेगळं बिऱ्हाड करून दिलं आहे. पानाच्या एका देठावर तीनपासून नऊपर्यंत जाड, चकचकीत पर्णिका, म्हणजे छोटी पानं, असतील तर कुंती. वीसेक पातळ पर्णिका आणि फोडणीचा वास असेल तर कढीपत्ता. फळांतही फरक आहे. कुंतीची पिकून शेंदरी-लाल होतात, कढीपत्त्याची काळी.

लावायला सोपी आहे, फक्त उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे. पिकलेल्या फळाचा गर धुऊन बी ताजं असतानाच पेरावं. वाळवून डबीत ठेवलेलं बी बहुधा दगा देतं. फांदी लावून मुळं फुटायची वाट बघण्यापेक्षा गुटी बांधलेली बरी, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ किंवा माती बांधायची आणि मुळं फुटली की फांदी कापून लावायची. नर्सरीत कामिनी किंवा मधुकामिनी मागितली तरी हीच मिळते. ऊन भरपूर हवं, बुडाशी पाणी साचता कामा नये. बोअरच्या जड पाण्यावर वाढवली तर नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं होतं. ती लोहाची कमतरता, रोग नव्हे. फवारणीचा पंप काढू नये. छाटायचीच तर बहर ओसरल्यावर छाटावी.

पानं कुरतडलेली दिसली तरी पंपाला हात लावण्याआधी जरा निरखावं. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ती बहुतेक मॉरमॉन फुलपाखराची अळी असते. काडीने हळूच डिवचली की डोक्यामागून तांबूस दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. मोठी झाली की हिरवी होते. चार पानं तिला द्यावीत, झाडाला त्याचं काही वाटत नाही.

आमच्या कमिटीला हे सगळं सांगून गेटाजवळची एक कुंती मी कात्रीतून सोडवली. आता ती डोक्याच्या वर गेली आहे आणि फुलली की अख्ख्या विंगला कळतं. तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, रात्री वासाने डोकं चढतं, खिडकी लावून झोपावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची तक्रार अशी की वर काहीच पोचत नाही, तर अजून दोन झाडं सोडा. पुढच्या मीटिंगला दोघीही येणार आहेत.