उजव्या वळणाची तक्रार

‘२०५ जीटीआय आहे ती. वळणात पाय उचललात की मागची बाजू सुटणारच.’ आमच्या गॅरेजात येण्याआधी त्या बाईंना हे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळालं होतं. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, वय सत्तरीच्या आसपास. गाडी १९९० सालची, करड्या रंगाची प्युजो २०५ जीटीआय, १.९ लिटरची. ऐन उमेदीत घेतलेली आणि तेव्हापासून त्यांच्याच हाताखालची. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पावसात राउंडअबाउटवर, म्हणजे रस्त्यावरच्या गोल चौकात, गाडीची मागची बाजू बाहेर जायला बघते, आणि हे आधी होत नव्हतं.

मला ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. तीसेक वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला तिच्यात काहीतरी बदललंय हे कळतं. का बदललंय ते शोधणं आमचं काम.

पण या गाडीची ख्यातीच अशी की असली तक्रार कुणी मनावर घेत नाही. २०५ जीटीआय १९८४ साली आली तेव्हा १.६ लिटरच्या इंजिनातून १०५ अश्वशक्ती मिळायची. पुढे ती ११५ झाली, आणि १९८६च्या अखेरीस १३० अश्वशक्तीची १.९ आली. आकडे आज कुणाला मोठे वाटणार नाहीत. पण गाडीचं वजन ९०० किलोंच्या आत होतं. त्याच सुमारास २०५ टर्बो १६ नं १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं. ती गाडी वेगळीच होती, इंजिन मध्यभागी, जोर चारही चाकांना. चेहरा तेवढा सारखा. तरी त्या विजयाचं तेज शोरूममधल्या २०५ वर पडलं ते पडलंच.

आता मागच्या बाजूचं. २०५च्या मागच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाहीत. एक आडवी नळी, तिच्या दोन टोकांना ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाक धरणारे मागे जाणारे हात, आणि स्प्रिंगच्या जागी पीळ खाणारे दोन पोलादी टॉर्शन बार, एक नळीच्या पुढे, एक मागे. शॉकअपसुद्धा जवळजवळ आडवे झोपलेले. सगळं तळाशी गेल्यामुळे डिकीत जागा भरपूर राहते, आणि गाडी वळणात मागून जागी असते. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून झटकन पाय काढला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू वळणाच्या बाहेर सरकते. ऐंशीच्या दशकात कितीतरी नवशिके असेच कुंपणात गेले. गाड्या चोरीला जायच्या त्या वेगळ्याच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथले विम्याचे हप्ते असे भडकले की हॉट हॅच, म्हणजे अशा छोट्या पण जोरकस हॅचबॅक, घेणं तरुणांना परवडेनासं झालं.

‘दगाबाज गाडी’ हे विशेषण मला कधीच पटलं नाही, कारण माझ्याकडे ती होती. लाल रंगाची १.६. मी इंग्लंडात आलो त्या काळात या गाड्यांना कुणी विचारत नव्हतं, काही शे पौंडांत चांगली मिळायची. आत लाल गालिचा, बारीक खांब, त्यामुळे चहूकडे लख्ख दिसायचं. स्टेअरिंगला पॉवर नव्हती. पार्किंग करताना खांदे भरून यायचे, पण एकदा वेग घेतला की रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळायचा. रविवारी पहाटे लेडीबोअर धरणाच्या बाजूनं स्नेक पासवर जायचो. तो घाट आपल्या घाटांसारखा उंच नाही, पण वळणं मोकळी आणि एकात एक गुंतलेली. तिथे वेगाच्या मर्यादेतसुद्धा ही गाडी बोलती व्हायची. उजवं वळण, मागचं आतलं चाक अगदी हलकं झालेलं, बाहेरच्या बाजूवर गाडी टेकलेली. पाय किंचित सैल केला की नाक आतल्या बाजूला वळायचं, पुन्हा दाबला की रेघ सरळ व्हायची. स्टेअरिंग होतं तिथेच, दिशा मात्र पायानं बदलायची. आणि हे ती आधी सांगून करायची. सीटमधून कमरेला एक हलकी जाणीव व्हायची, मग वेळ मिळायचा. डावीकडे जितकी जाणीव, उजवीकडेही तितकीच. हे समान असणं मला तेव्हा फार विशेष वाटलं नव्हतं. त्या नर्सबाईंच्या गाडीमुळे त्याची किंमत कळली.

माझी ओळख मागच्या चाकांच्या या सगळ्या जुळणीशी, म्हणजे ॲक्सलशी, त्याहून जुनी. आयटीआय करून मी डोंबिवलीच्या एका गॅरेजात लागलो तेव्हा प्रीमियरच्या कल्याण कारखान्यातून प्युजो ३०९ बाहेर पडत होती. १.४ पेट्रोल किंवा १.५ डिझेल. आमच्याकडच्या लोकांना ती डिझेल सरासरीसाठी माहीत. पण ३०९ ही २०५ च्याच तळावर उभी. दरवाजेसुद्धा २०५ चेच. मागचा ॲक्सलही त्याच जातीचा. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी सील चुकवून आत शिरायचं, आर्मच्या सांध्यातलं नीडल बेअरिंग, म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग, कोरडं पडून गंजायचं, मग त्या सुया शाफ्टलाच खाऊन टाकायच्या. मागून पाहिलं तर चाकं वरच्या बाजूनं आत कलंडलेली. वस्ताद म्हणायचे, ‘प्युजो आली की आधी पाठीमागे जाऊन उभा राहा.’ पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या कारखान्यात ही गाडी बनणं थांबलं आणि माझं शिक्षण वाया गेलं असं घरच्यांना वाटलं. डर्बीशरच्या कडेला फ्रेंच गाड्यांच्या गॅरेजात मला काम मिळालं ते त्याच शिक्षणावर.

तर, बाईंची गाडी. आदल्या शरद ऋतूत दुसरीकडे मागचा ॲक्सल नव्यानं बांधून झाला होता. तक्रार त्यानंतरची. मी आधी पाठीमागे जाऊन उभा राहिलो. चाकं ताठ. आर्म धरून हलवले, कुठेही खेळ नाही. काम करणाऱ्यानं बेअरिंग, शाफ्ट, सील उत्तम घातले होते, हे मुद्दाम सांगायला हवं. आमच्या इतरांनी पुढची बाजू बघितली. खालच्या आर्मचे बुश, अलाइनमेंट, टायरची हवा. सगळं ठीक.

मग मी बाईंना शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. रस्ता ओला होता. पहिल्या राउंडअबाउटवर, साध्या वेगात, मागची बाजू हलकी झाली आणि तीही न सांगता. लगेच पुढे एक मोठं डावं वळण होतं. तिथे उलट. नाक बाहेर ढकललं जात होतं, स्टेअरिंग जास्त द्यावं लागत होतं. मी बाईंना विचारलं, ‘डावीकडे जड वाटते का?’

‘वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘पण डावीकडे भीती नाही वाटत, म्हणून सांगितलं नाही.’

इथे राउंडअबाउटवर आपल्यासारखंच घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात, म्हणजे सतत उजवीकडे वळत. म्हणून ही तक्रार राउंडअबाउटची झाली. पाय उचलल्यावर २०५ मागून सैल होते ती दोन्ही बाजूंना सारखीच. एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला हट्टी असेल तर तो स्वभाव नाही, बिघाड आहे. गाडीच्या बदनामीआड तो लपून राहिला होता, इतकंच.

परत येऊन सपाट फरशीवर चाकांच्या कमानींची उंची मोजली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास १५ मिलिमीटर वर. मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले. गाडी रोज त्याच चालवणार, म्हणून बाईंनाच सीटवर बसायला सांगितलं. त्या स्टेअरिंगवर हात ठेवून स्तब्ध बसल्या, आम्ही आकडे उतरवून घेतले. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ५२६ किलो. दुसऱ्या कर्णावर, पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ४३४. चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की भार दोनच पायांवर जातो, तसं झालं होतं. डावं वळण घेताना सगळा ताण आधीच लादलेल्या पुढच्या उजव्या टायरवर यायचा, म्हणून नाक बाहेर. उजवं वळण घेताना तोच जादा भार मागच्या बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर, म्हणून मागची बाजू सैल.

कारणही उघड झालं. टॉर्शन बारच्या दोन्ही टोकांना स्प्लाइनचे, म्हणजे लांबीच्या दिशेनं कोरलेले, दाते असतात, आणि दोन टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते. त्यामुळे बार एकेक दाता फिरवत गेलं की उंची अगदी बारीक फरकानं बदलता येते. पण त्यासाठी आर्म नेमक्या जागी धरून ठेवावा लागतो. शॉकअप काढून त्याच्या जागी ठरलेल्या लांबीची पट्टी बोल्टनं लावतात आणि मग बार घालतात. डाव्या बाजूला ही पट्टी न लावता अंदाजानं बार बसवला गेला असावा.

बार बाहेर काढणं हे त्या दिवसाचं सगळ्यात जड काम. टोकाला आटे असतात, त्यात स्लाइड हॅमर (दांडीवर सरकणारं वजन) फिरवून बसवायचा आणि ठोके मारत ओढायचं. नुकताच बसवलेला असल्यामुळे गंज नव्हता हे आमचं नशीब. जुन्या गाडीत याच कामाला तापवणं, तेल सोडणं, दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघणं असं सगळं होतं. पट्टी लावली, दात्यांना ग्रीस लावलं, बार हातात धरून हळूहळू फिरवत राहिलो. बरोबर जागा मिळाली की दोन्ही टोकं एकदमच आत शिरतात, हातोडीच्या हलक्या टिचक्या पुरतात. जोर लावावा लागला तर समजायचं, दाता चुकतोय. नळीतून जाणारा, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा अँटी-रोल बारही सोडला आणि दोन्ही आर्म एका पातळीत आल्यावर पुन्हा आवळला. आमचा शिकाऊ पोरगा टॉर्च धरून होता. त्याला म्हटलं, ‘हात लावून बघ, किती सहज बसतो ते.’ हे हाताला एकदा कळलं की पुस्तक लागत नाही.

पुन्हा काटे, पुन्हा बाई सीटवर. दोन कर्णांवर ४८६ आणि ४७४.

या गॅरेजात मी बऱ्याच नामांकित फ्रेंच हॅचबॅक चालवल्या आहेत. रेनॉ ५ जीटी टर्बो, जुन्या ढाच्याचं १,३९७ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर आणि वर टर्बो. आधी शांत, मग एकदम सगळं हाती येतं. गरम असताना पुन्हा चालू करायला धीर लागतो, पण तो पहिला झपाटा विसरता येत नाही. १९९३ ची क्लिओ विल्यम्स, निळी, सोनेरी चाकांची, दोन लिटर. नाव फॉर्म्युला वनच्या संघाचं, काम मात्र रेनॉ स्पोर्टचं, आणि काय काम! प्युजो १०६ रॅली, १.३ लिटर, १०० अश्वशक्ती मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर, पांढरी पत्र्याची चाकं, वजन ८२५ किलो. या तिन्हींत मला १०६ सगळ्यात जास्त आवडते, कारण तिच्यात नको असलेलं काहीच नाही. या सगळ्या गाड्यांचा मोठेपणा अश्वशक्तीत नव्हता. हलकं अंग, मागची जागी बाजू आणि चालवणाऱ्यावर टाकलेला विश्वास, यात होता. आजच्या दीड टनाच्या हॉट हॅचला तिप्पट शक्ती देऊनही हे येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मला त्या उत्तराचा राग येतो. ‘ही गाडी अशीच’ म्हटलं की तपासणी संपते. चांगल्या गाड्या अशा शेऱ्यांखाली भंगारात गेल्या. काहींचं इंजिन काढून घेतलं, काहींत ४०५ चं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन कोंबलं, काही मागच्या बेअरिंगच्या खर्चापायी अंगणात सडल्या. आता त्याच गाड्यांना लिलावात चढ्या किमती येतात.

बाईंनी गाडी स्वतः नेली. मी शेजारी. त्याच राउंडअबाउटवर त्यांनी जरा मुद्दामच वेग ठेवला आणि पाय हलकेच सैल केला. नाक आत आलं, मागची बाजू किंचित सरकून थांबली. त्यांनी पूर्ण फेरी मारली, मग आणखी एक, आणि बाहेर पडताना म्हणाल्या, ‘हीच माझी गाडी.’

शिकाऊ पोरानं त्यानंतर स्वतःसाठी सिट्रोएन सॅक्सो व्हीटीएस बघायला घेतली. तिचाही मागचा ॲक्सल असाच. रॉदरममध्ये एक होती. त्याला सांगितलं, इंजिन नंतर ऐक, आधी पाठीमागे जाऊन उभा राहा. चाकं वरून आत कलंडलीत का बघ. मागच्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरव. कुणीतरी मागे बसून उड्या मारल्या तर करकर येते का ऐक. मग चालवून बघ, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. तो दोन गाड्या सोडून आला, तिसरी घेतली.