अण्णांचे गिळणे आणि आमचे स्वयंपाकघर

माझे सासरे अण्णा गेली काही वर्षे पार्किन्सन्सने आजारी आहेत, पण हातांच्या कंपापेक्षा आम्हाला घोर लागला तो त्यांच्या जेवणाचा. ताट संपायला तासभर लागू लागला, वजन उतरले आणि चहा घेतल्यावर आवाज घरघरू लागला. ठसका मात्र क्वचितच लागे, आणि न्यूरोलॉजिस्टना नेमके तेच खटकले. या आजारात घशाची संवेदना मंदावते, त्यामुळे घास श्वासमार्गात उतरला तरी खोकला येईलच असे नाही, आणि त्यातूनच पुढे न्यूमोनिया होऊ शकतो.

त्यांनी आम्हाला स्पीच थेरपिस्टकडे पाठवले; बोलण्याबरोबरच गिळण्याच्या अडचणीही तेच हाताळतात. परळच्या एका रुग्णालयात अण्णांना बेरियम (एक्स-रेमध्ये उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेले पातळ आणि घट्ट पदार्थ देऊन गिळण्याचे एक्स-रे चित्रण केले गेले. पडद्यावर दिसले की गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते, तोवर पाणी घशात घसरलेले असते. शिवाय अन्ननलिकेची हालचालही मंद आहे. पार्किन्सन्सची गोळी घेऊनही अण्णांचे आखडलेले अंग कधी कधी उशिरा का मोकळे होते, याचे एक संभाव्य कारण त्यामुळे कळले: गोळी वाटेतच रेंगाळत असावी. आता ती सफरचंदाच्या मऊ गरातून देतो. दह्यातून नाही, कारण प्रथिने लेव्होडोपाच्या, म्हणजे या गोळीतल्या मुख्य औषधाच्या, शोषणात आड येतात. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच बजावले गेले.

खरी कसोटी स्वयंपाकघरात होती. पातळ आमटी आणि भात एकत्र आले की पाणी पुढे पळते व शिते मागे राहतात, म्हणून आमटीऐवजी घट्ट वरण आणि मऊ भात एकजीव कालवून देतो. जेवण गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने, औषधाचा अंमल असताना. मान किंचित खाली झुकवून, दूरदर्शन बंद ठेवून. मान झुकवणे सर्वांनाच लागू पडत नाही, अण्णांच्या चित्रणात त्याचा फायदा दिसला म्हणून ते सांगितले गेले. मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड घ्यायचे नाही, कारण त्याने पार्किन्सन्सची लक्षणे वाढतात, ही सूचना मी फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवली आहे. नव्या डॉक्टरांपुढे तीच आधी धरते.

चहावर मात्र तह झालेला नाही. घट्ट करणारी पावडर घातलेला कप पाहून अण्णा म्हणाले, “सूनबाई, ही पतंग चिकटवायची खळ आहे का?” पुढच्या भेटीत चहाचेच लहान घोट तपासून पाहू, असे थेरपिस्ट म्हणाल्या आहेत.