स्टेपनीचे साडेचार हजार

काय करता असं कुणी विचारलं तर मी "फायनान्सचं काम" म्हणून वेळ मारून नेतो. हप्ते थकलेल्या गाड्या ओढतो, हे सोयरिकीच्या बैठकीत सांगण्यासारखं नाही. नाशिकात आमची एजन्सी आहे. मी, भाचा आणि एक ड्रायव्हर, एवढाच पसारा.

सप्टेंबरात ओझरच्या पुढे एक पिकअप सापडली. पाच हप्ते थकलेले. फायनान्स कंपनीचं अथॉरिटी लेटर खिशात, पोलीस स्टेशनला आधी कळवल्याची पोच फाइलला. गाडीत टोमॅटोचे ९० क्रेट, निघालेले पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला.

"मामा, चावी काढू?"

भाच्याला म्हटलं, तारण गाडी आहे, टोमॅटो नाहीत. माल तीन शेतकऱ्यांचा. नासला तर फायनान्सवाले हात वर करणार आणि पोलीस स्टेशनच्या बाकावर मी बसणार. मग पिकअपच्या मागोमाग मार्केटला गेलो. लिलाव होऊन शेवटचा क्रेट उतरेपर्यंत चार चहा झाले. तोवर गाडीमालक आला. आधी शिव्या घातल्या, मग द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाल्याचं सांगितलं आणि चावी स्वतःच हातात ठेवली.

दिली नसती तर? मागे फिरलो असतो. कंपनीने कोर्टातून नाहीतर लवादाकडून ऑर्डर आणावी. २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलंय, वसुलीला गुंड लावू नका. भाचा बारावी, म्हणून त्याला वसुली एजंटचं १०० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा करायला लावली. तरी तो चावीच्याच मागे! त्याला मी झारखंडमधल्या हजारीबागची गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे ट्रॅक्टर ओढून नेताना शेतकऱ्याची गरोदर मुलगी चाकाखाली गेली. रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरचे वसुली एजंट वापरायलाच बंदी घातली. ती उठली जानेवारी २०२३ मध्ये. चूक हजारीबागेत, पण त्या कंपनीची कामं करणारे देशभरातले एजंट तेवढे महिने बसून.

पिकअपकडे येतो. बोनेटवर कागद ठेवून इन्व्हेंटरी लिहिली: जॅक, पाना, टेप, बॅटरी, स्टेपनी एक. डॅशबोर्डवरचा खंडोबा, रेनकोट आणि विळा मालकाला काढून दिला. त्याची सही घेतली, गाडी यार्डात लावली, पोलिसांना पुन्हा कळवलं. माझं बिल ८,००० रुपये, मिळणार दोन महिन्यांनी.

तेवढ्यात मालकाने थकबाकी भरून गाडी सोडवली आणि तक्रार केली, स्टेपनी नवी होती, परत मिळाली ती गुळगुळीत. यार्डवाला म्हणतो, आली तशीच दिली. कंपनीने माझ्या बिलातून ४,५०० कापले. वाद घालायला माझ्याकडे काय होतं? कागदावर "स्टेपनी एक". नवी की जुनी, ते मीच लिहिलं नव्हतं.

आता भाचा गाडीखाली वाकून टायरवरचा नंबर मोठ्याने वाचतो, मी लिहून घेतो, मग फोटो. परवा एका रिक्षामालकाने विचारलं, "गाडी ओढताय का विकत घेताय?"