फुटलेली अक्षरं

काटोलकडच्या एका संत्रा रोपवाटिकेच्या वेबसाइटचं काम आलं तेव्हा मी बेधडक ६०,००० चं कोटेशन दिलं. सगळं डिझाइन स्वतंत्र, शून्यापासून. रोपवाटिकेच्या मालक काकांनी नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या ऑफिसात चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, माहा भाचा म्हणते रेडिमेड भेटते चार-पाच हजारात. मले कलमाच इकाच्या आहेत ना!"

मी जरा रागातच एक वर्डप्रेस थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घेतली, फोटो बदलले, मजकूर ओतला आणि आठवड्यात त्यांना दाखवायला बोलावलं.

काकांनी मोबाइल नाकाशी नेला. "हे अक्षरं काहून फुटले बाप्पा?"

बघतो तर 'संत्रा कलमा'ची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली. इंग्रजी शीर्षकाला ऐट यावी म्हणून थीमवाल्याने दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, ठेवलं होतं. इंग्रजीत ते शोभतं. शिवाय ओळीची उंची इतकी कमी, की 'खात्रीची'वरच्या वेलांट्या बॅनरच्या काठाला कापलेल्या. थीमचा फॉन्ट मॉन्टसेराट, त्यात देवनागरी नाहीच. फोनने हाताशी होता तो फॉन्ट लावला होता. लॅपटॉपवर मी हे पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. नीट पाहिलं नव्हतं.

त्यांच्यासमोरच स्पेसिंग शून्य केलं, ओळीची उंची वाढवली, मुक्ता फॉन्ट लावला. दहा मिनिटं. साठ हजारांची गरज नव्हती, हे मला तिथेच कळलं; तोंडाने अर्थात बोललो नाही.

खरी अडचण 'कार्टमध्ये टाका' या बटणाची होती. "कलमा कोणी पिशवीत टाकून नेते का?" काका म्हणाले. शेतकरी आधी विचारतो, खुंट (ज्या रोपावर संत्र्याची कळी, म्हणजे डोळा, बसवून कलम करतात ते) जंबेरी लिंबाचा की रंगपूर लिंबाचा. मग एकर सांगतो. सहा बाय सहा मीटरवर लावली तर एकरी साधारण ११० झाडं बसतात, त्यावरून कलमा ठरतात, आणि लागवडीच्या कितीतरी आधी बुकिंग होतं. हे कुठल्याच थीममध्ये मिळणार नव्हतं. मग कार्ट काढून टाकलं आणि तेवढं एकच पान मी हाताने लिहिलं: एकर टाका, खुंट निवडा, कलमांचा आकडा दिसेल, खाली फोनचं बटण. त्या एका पानाचे वेगळे १२,००० सांगितले.

काका हसले. "म्हंजे खुंट बाजारचा, डोळा आपला. आमी तरी दुसरं काय करतो?" घासाघीस न करता हो म्हणाले.

पुढच्या खेपेला ते पान दाखवलं. काकांनी खुशीत तळाचं 'फोन लावा' दाबलं आणि खिशातल्या दुसऱ्या मोबाइलकडे बघत बसले. तो काही वाजेना. फुटरमध्ये थीमच्या डेमोतला अमेरिकेचा नंबर तसाच राहिला होता.