बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसची वारी: डिस्चार्ज बुकात राहून गेलेलं पदक कसं चढवायचं

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या नोंदी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. साताऱ्या-कोल्हापूरकडून बेळगावची गाडी पकडण्याआधी डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतलं, पदकांचं पान उघडून नीट वाचा. बहुतेकांची खेप तिथेच फुकट जायची किंवा सार्थकी लागायची ठरते. 1971 साली बांगलादेशात उतरलेल्या जवानाच्या पानावर 'संग्राम मेडल' आहे आणि 'पूर्वी स्टार' नाही, ही नेहमी दिसणारी चूक. संग्राम मेडल त्या काळात फौजेत असणाऱ्यांपैकी पुष्कळांना मिळालं. स्टार मात्र ठरलेल्या युद्धक्षेत्रात हजर असणाऱ्यालाच: पूर्वेकडच्याला पूर्वी, पश्चिमेकडच्याला पश्चिमी. त्यामुळे स्टार नसणं म्हणजे कागदोपत्री माणूस लढाईच्या जागी नव्हताच.

मागणी नेमक्या पदकाची करा. गोमंतकीय आणि सिंधुदुर्गातली मंडळी हमखास फसतात ती 'ऑपरेशन विजय'मध्ये. गोवा मुक्तीच्या कारवाईचं नावही ऑपरेशन विजय आणि कारगिलचंही तेच. ऑप विजय मेडल आणि ऑप विजय स्टार 1999चे. गोव्यात उतरलेल्याचा हक्क जनरल सर्व्हिस मेडल 1947 वर, 'गोवा 1961' या क्लास्पसह, म्हणजे रिबनवरच्या मोहिमेच्या नावाच्या पट्टीसह. अर्जात चुकीचं नाव गेलं तर 'पात्र नाही' एवढंच उत्तर येतं आणि ते खरंही असतं. दुसरं, ज्याच्याकडे हे पदक आधीच आहे, म्हणजे 1947-48 च्या जम्मू-काश्मीरचं, त्याला दुसरं पदक मिळत नाही, रिबनवर फक्त आणखी एक पट्टी चढते. श्रीलंकेत गेलेल्यांनी विशेष सेवा मेडल आणि 'श्रीलंका' क्लास्प असं लिहावं.

आता मुख्य गोष्ट. डिस्चार्ज बुक ही नक्कल आहे, अस्सल नव्हे. अस्सल नोंद रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर) असते आणि शीट रोलवर काहीही चढतं ते पलटणीने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या घडामोडी नोंदवणाऱ्या लेखी हुकमावरून. रेकॉर्ड ऑफिस स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही. म्हणून खिडकीवर 'आबा लढाईत होते हो साहेब' असं सांगून काही हलत नाही. कोणत्या पलटणीने, कोणत्या तारखेच्या, कोणत्या नंबरच्या पार्ट टू ऑर्डरने ही नोंद करायला हवी होती, हा प्रश्न सोडवायचा असतो. ऑर्डर निघाली होती पण शीट रोलवर चढली नाही, असं असेल तर काम सोपं. ऑर्डर निघालीच नसेल तर रेकॉर्ड ऑफिस पलटणीला लिहितं, पलटण जुनी दफ्तरं चाळते, आणि तिथे महिने जातात.

ऑर्डर का निघत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत. मोहिमेचं पदक मोहीम संपल्यावर जाहीर होतं आणि तोवर माणूस पेन्शनवर, बदलीवर किंवा मिलिटरी हॉस्पिटलात गेलेला असतो. लढाईच्या वेळी तो दुसऱ्या युनिटला अटॅच असेल तर मूळ पलटण म्हणते त्यांनी काढायची, ते म्हणतात मूळ पलटणीने. राष्ट्रीय रायफल्समध्ये (दहशतवादविरोधी दल, जवान मूळ पलटणींतून तिथे जातात), उदाहरणार्थ मराठ्यांच्या 41 किंवा 56 आरआरमध्ये, काढलेल्या वर्षांचं असं अनेकदा होतं. हवालदाराचा नायब सुभेदार झालेल्यांची अडचण वेगळीच. त्यांना 'जेसी'ने (ज्युनिअर कमिशन) सुरू होणारा नवा नंबर मिळतो आणि आधीची पदकं जुन्या नंबरावर राहतात. अशांनी अर्जात दोन्ही नंबर, शेवटच्या अक्षरासकट, लिहावेत.

डिस्चार्ज बुकच हरवलं असेल तर घरातलं एखादं जुनं पदक शोधा आणि त्याची कड भिंगाखाली धरा. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासो मारून मारून अक्षरं झिजलेली असतात, पण बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की वाचता येतात. कड कोरी असेल तर ते बहुधा कॅम्पातल्या दुकानातून घेतलेलं आहे, पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. (नात्यातले लोक हे मान्य करायला तयार नसतात. वाद घालू नका, कड दाखवा.)

इतर पूरक कागद: पे बुक, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, रजेचं प्रमाणपत्र, घरी आलेली पत्रं. पत्रावरचा पत्ता 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर पूर्वेकडची तैनाती, 56 एपीओ असेल तर पश्चिम-उत्तरेकडची. पत्त्यापेक्षा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि त्यावरची तारीख मोलाची. यातल्या एकट्या कागदाने पदक मिळत नाही, पण क्लार्कला कोणत्या महिन्याच्या ऑर्डर चाळायच्या ते कळतं. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं लोक गठ्ठ्याने आणतात. त्यांचं वजन फार कमी.

मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि सगळ्यांच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच न्या. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, कंपनी, ऑपरेशन, तारखा, मागितलेलं पदक. तो आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन त्यांचं शिफारसपत्र जोडून घेतलेलं बरं. त्यांच्या जावक क्रमांकामुळे पुढे विचारपूस करताना हातात धागा राहतो. जवान हयात नसेल तर पत्नीने मृत्यूचा दाखला जोडावा आणि रेकॉर्डवर आपलं नाव लागलेलं आहे ना, हे आधी पाहावं. ते नसेल तर पदकाच्या आधी तेच काम उपटतं. नातवंडं एकटीच जाणार असतील तर वारसाचं अधिकारपत्र न्या.

प्रवास सोपा आहे. कोल्हापूरहून निपाणी-संकेश्वरमार्गे साधारण 110 किलोमीटर, एसटी आणि कर्नाटकाच्या गाड्या दिवसभर. पुण्या-साताऱ्याकडच्यांना मिरजमार्गे रेल्वे. सावंतवाडीकडून आंबोली घाट, पावसाळ्यात वेळ हाताशी ठेवून. रिक्षावाल्याला 'मराठा सेंटर' म्हटलं की पुरे, 1922 पासून ते बेळगावातच आहे. आदल्या दिवशी फोन करून कामकाज चालू आहे ना ते विचारा. 4 फेब्रुवारीच्या आसपास जाऊ नका. तो रेजिमेंटचा दिवस, सिंहगड घेतल्याची आठवण. त्या दिवसांत जुन्या सोबत्यांना भेटायला जावं, कागदाला नव्हे. भरती मेळावा असेल तर लॉजला जागा मिळणं कठीण. गेटवर ओळखपत्र दाखवून पास घ्यावा लागतो आणि मोबाइल बाहेर ठेवायला लागू शकतो, म्हणून कागद फोनमध्ये न ठेवता छापून न्या.

खिडकीवर पहिली मागणी पदकाची करू नका. 'शीट रोलवर काय चढलंय ते बघून सांगा', ही पहिली विनंती. तिथे पदक असेल आणि फक्त बुकात राहिलं असेल तर बुकात सही-शिक्क्याने नोंद करून घ्यायची, एवढंच काम. शीट रोलवरही नसेल तर अर्ज द्या, आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्या. मूळ डिस्चार्ज बुक ठेवून घ्यायचं म्हटलं तर पोचपावतीशिवाय देऊ नका. पेनाने आपणच काही भरलेलं असेल तर ते आधीच सांगून टाका. अक्षर वेगळं दिसलं की पूर्ण बुकावर संशय येतो.

पेन्शन न घेता फौज सोडलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर येऊ शकतं. तेव्हा लाँग रोलचा (भरती झालेल्यांच्या नोंदवहीचा) उतारा मागा. त्यात मजकूर थोडा असतो, पण भरती-निवृत्तीच्या तारखा कळतात. तीन महिने उत्तर आलं नाही तर 10 रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह माहिती अधिकारात स्वतःच्याच शीट रोलची प्रत मागणं हा स्वस्त उपाय. लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे सहा महिन्यांत जाता येतं, म्हणून नकाराचं पाकीटही तारखेच्या शिक्क्यासह जपा.

मोहिमेच्या पदकाने पेन्शन एका रुपयानेही वाढत नाही, पीपीओत दुरुस्ती लागत नाही, 'स्पर्श' या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर धावपळ करायची गरज नाही. शौर्यपदकाचं तसं नाही, त्याचा भत्ता असतो आणि त्याला राजपत्राची तारीख लागते. मोहिमेवर जखमी झालेल्याचंही तसं नाही. तिथे बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) पार्ट टू ऑर्डर सापडणं हेच खरं काम, कारण वॉर इंज्युरी पेन्शन तिच्यावर उभी असते. अशांनी पदकाचा आणि पेन्शनचा अर्ज एका कागदावर लिहू नये. दोन टेबलं वेगळी, फाइली वेगळ्या.

तोफखान्याच्या मंडळींनी बेळगावला येऊ नये, त्यांचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला, महारांचं सागरला, नौसैनिकांचं मानखुर्दला.