प्रोस्टेटचे पेशंट खरंच तरुण झालेत का?

'डॉक्टर, प्रोस्टेट म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं ना? मग तुमच्या बाकावर पंचेचाळिशीतली माणसं कशी दिसतात? रोग बदलला की काय?' सोलापुरात हे मला लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

रोग तोच आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, आणि चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीपर्यंत बहुतेकांत ती वाढलेली सापडते. बदललंय ते एवढंच, की माणूस आमच्याकडे कधी येतो.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पेशंट यायचा तो लघवी तुंबल्यावरच. मंगळवेढ्याकडून नाहीतर पार इंडीहून रात्री जीप करून आणलेला सत्तरीचा शेतकरी, धोतराची गाठ सैल केलेली, ओटीपोट बेंबीपर्यंत टणक, आणि तोंडात एकच, 'काय तरी करा की ओ साहेब.' नळी घातली की लिटरभर लघवी यायची, माणूस हात जोडायचा. पण रक्त तपासलं की अनेकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची खूण, वाढलेलं निघायचं. मूत्रपिंडं कित्येक महिने दाब सोसत होती. धार कधीपासून बारीक आहे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'वय झाल्यावर व्हतंच की.' गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, असे पेशंट हमखास. एक तर थंडी, त्यात दुकानातून घेतलेली सर्दीची गोळी. तिच्यातली काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात, काही त्याचा जोरच कमी करतात.

मग औषधं आली. अमेरिकेत १९९२ मध्ये फिनास्टेराइडला मान्यता मिळाली, १९९७ मध्ये टॅमसुलोसिनला. पुढे ती आपल्या मेडिकलांतही मिळू लागली. ऑपरेशनशिवाय आराम पडतो हे कळल्यावर माणसं लवकर येऊ लागली.

आणि तुम्ही बाकावर पाहता तो पंचेचाळिशीचा माणूस? त्याला बहुतेकदा लघवीचा त्रास नसतोच. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केलेली असते आणि खाली एक ओळ असते: 'ग्रेड १ प्रोस्टेटोमेगॅली', म्हणजे प्रोस्टेट जराशी वाढलेली. ती मोबाईलवर शोधून, रात्रभर कॅन्सरबद्दल वाचून तो येतो. घाबरून पांढरा पडलेला असतो. अशा माणसाला मी वेळ देतो, कारण त्याची भीती खरी असते. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. तीस ग्रॅमची ग्रंथी एखाद्याची झोप उडवते, ऐंशी ग्रॅमची असून दुसरा निवांत असतो. म्हणून मी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी धार, घाई, रात्रीचं उठणं विचारतो.

याच वयात दुसराही एक गट येतो: प्रोस्टेट म्हणून येतो आणि निघते शुगर. रात्री चार-पाचदा उठणं, प्रत्येक वेळी भरपूर लघवी, सारखी तहान. त्याला प्रोस्टेटची गोळी देऊन काय होणार?

तिकडे वयाच्या दुसऱ्या टोकालाही माणसं वाढली आहेत. ऐंशी पार केलेले, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. पूर्वी या वयापर्यंत पोहोचणारेच कमी होते. त्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावं लागतं.

मला काळजी वाटते ती मात्र अजूनही तुंबल्यावरच येणाऱ्यांची. त्यांतले बरेच एकटे असतात. कुणाची बायको गेलेली, कुणाची मुलं पुण्यात. आमच्याकडे त्रास सांगते ती बहुतेक वेळा बायकोच: 'चारदा उठतात ओ, झोपच नाही.' ते उठणं ऐकायला घरात कुणी नसेल, तर माणूस ते वयाच्या खात्यात टाकून मोकळा होतो. तुमच्या ओळखीत असे कुणी काका असतील तर धार कशी आहे, तेवढं विचारा. लघवीत रक्त दिसलं तर, दुखत नसलं तरी, त्यांना घेऊन या. आणि लघवी अडकून पोट टणक झालं असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच आणा.